चिंगी का फळत नव्हती

"ताई, दोन वर्षं झाली, घोडी राहतच नाही. तुमच्या ओळखीचा एखादा चांगला नर आहे का?" असा फोन मला दर वसंतात येतोच. फोन करणारे कधी टेक्सासचे, कधी नॉर्थ कॅरोलिनाचे, बहुतेक मराठी. घराला लागून चार-पाच एकर जागा मिळाली, मुलांनी हट्ट धरला, मिनिएचर घोडी आली आणि आता तिला शिंगरू व्हावं अशी घरादाराची इच्छा आहे. मी त्यांना नराचा पत्ता देत नाही. आधी घोडीचं गर्भाशय तपासून घ्या म्हणते, आणि त्याच्याही आधी, गाभण राहणं या घोडीच्या जिवाला परवडणार आहे का, हे डॉक्टरांना विचारा म्हणते. काहींना हे तोडून बोलणं वाटतं. आमच्या मिनिएचर घोडीची, चिंगीची हकिगत ऐकली की ते शांत होतात आणि नेमके प्रश्न विचारायला लागतात. तीच हकिगत इथे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही केंटकीत राहतो, लेक्सिंग्टनपासून फार लांब नाही. हा सगळा मुलूख शर्यतीच्या घोड्यांचा. चुनखडीच्या जमिनीवरची कुरणं, मैलोन् मैल लाकडी कुंपणं आणि घोड्यांचे जगभर नावाजलेले दवाखाने, सगळं एकाच टापूत. घोडीची जी तपासणी आम्हाला सहज करून घेता येते, ती इतर ठिकाणी राहणाऱ्यांना मिळवावी लागते. इतकं सगळं हाताशी असताना चिंगीच्या वाट्याला जे आलं ते आलं. म्हणून ज्यांचा दवाखाना दोन-तीन तासांवर आहे, त्यांनी तर जास्तच विचार करावा.

मिनिएचर म्हणजे नेमकं काय, हे आधी सांगते. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन ही संस्था 1978 साली सुरू झाली. तिच्या नियमाप्रमाणे 34 इंचांहून उंच घोडा मिनिएचर धरत नाहीत, आणि हे माप आयाळीचे शेवटचे केस जिथे संपतात तिथे घेतात. घोडा माणसाच्या कमरेच्या खालीच राहतो. वजन 80-90 किलोच्या आसपास. पण घोडा लहान झाला म्हणून त्याचं सगळंच त्याच प्रमाणात लहान होत नाही. पोटातल्या शिंगराचं डोकं मोठं, कपाळ पुढे आलेलं. आईची कंबर मात्र अरुंद. मोठ्या घोडीच्या तुलनेत मिनिएचर घोडी विताना अडण्याचं प्रमाण जास्त असतं ते यामुळेच. "गाभण राहत नाही" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या डोक्यात हा पुढचा भाग क्वचितच असतो.

चिंगी 32 इंची, तांबडी-पांढरी बांडी, कपाळावरची झुलपं डोळ्यांवर येणारी. आली तेव्हा बाराव्या वर्षात होती. विकणाऱ्याने सांगितलं, "एक शिंगरू झालंय हिला, छान आई आहे. नंतर काही जमलं नाही, नशिबाचा खेळ." पुढे थोडं खोदून विचारल्यावर कळलं की दरवर्षी वेगळा नर लावला गेला होता, आणि राहिली नाही की दरवेळी गर्भाशयात अँटिबायोटिक सोडलं जात होतं. कल्चर, म्हणजे आत कुठले जंतू आहेत याची तपासणी, एकदाही केलेली नव्हती. हे ऐकून आमच्या डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, या वसंतात हिला घोडा दाखवायचाच नाही, आधी आत काय चाललंय ते बघू.

तपासणीचं पहिलं काम कसलंही यंत्र न लावता होतं. घोडीची शेपटी पट्टीने गुंडाळून बाजूला धरायची आणि मागून नीट बघायचं. चांगल्या ठेवणीच्या घोडीची योनी जवळजवळ उभी असते आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले असतात. वय वाढलं, अंग उतरलं की गुदद्वार आत ओढलं जातं आणि योनीचा वरचा भाग मागून पुढे असा कलतो. मग लीद त्यावरूनच घसरते आणि चालता-पळताना वारा आत ओढला जातो. चिंगीचं तसंच होतं. डॉक्टरीणबाईंनी दोन बोटांनी ओठ हलकेच विलग केले तेव्हा आत हवा शिरल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. अशा घोडीच्या गर्भाशयात रोज घाण जात असते; कितीही उमदा नर आणा, तिथे गर्भ टिकणार कसा? यावर उपाय साधा आहे. वरचा भाग भूल देऊन शिवून टाकतात. कॅस्लिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1937 मध्ये ही पद्धत मांडली, म्हणून त्या टाक्यांना आजही कॅस्लिकच म्हणतात. विण्याच्या दोन-तीन आठवडे आधी ते टाके आठवणीने उघडावे लागतात, नाहीतर घोडी फाटते. ती तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा.

आतली तपासणी मिनिएचरमध्ये अवघड असते. मोठ्या घोडीच्या गुदद्वारातून हात घालून अंडाशय आणि गर्भाशय चाचपतात, तिथूनच सोनोग्राफीही करतात. एवढ्याशा घोडीत तो हात मावत नाही, आणि जबरदस्ती केली तर आतडं फाटतं. फाटलं की बहुतेकदा जनावर हाताला लागत नाही. म्हणून लहान हाताचा आणि मिनिएचरची सवय असलेला डॉक्टर शोधा, किंवा ज्यांच्याकडे दांडीला बसवलेलं सोनोग्राफीचं प्रोब आहे असा. "आम्ही सगळेच घोडे बघतो" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. याआधी किती मिनिएचर तपासल्या, हे स्पष्ट विचारा. त्यात कुणाचाही अपमान नाही.

कल्चरसाठी आणि पेशी बघण्यासाठी गर्भाशयातून नमुने घेतले. आलं ते यीस्ट, म्हणजे बुरशी. वर्षानुवर्षं अँटिबायोटिक सोडल्याचा हा परिणाम: जिवाणू मेले आणि त्यांच्या मोकळ्या जागी बुरशीने घर केलं. आता अँटिबायोटिक जितकं द्यावं तितकी ती फोफावणार. बुरशी काढणं चिवट काम आहे. गर्भाशय धुणं, बुरशीचं औषध सोडणं, पुन्हा कल्चर, पुन्हा वाट बघणं. त्यातच तो हंगाम गेला. तपासणीशिवाय गर्भाशयात औषध सोडू देऊ नका, हे मी जितक्या पोटतिडकीने सांगते तितकं दुसरं काहीच सांगत नसेन. चिंगीच्या बाबतीत आजार वेगळा आणि औषध वेगळं असं वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि त्याचा भोग ती मुकी भोगत होती.

बुरशी गेल्यावर बायोप्सी केली. गर्भाशयाच्या अस्तराचा छोटासा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि प्रत ठरवतात. पहिल्या प्रतीच्या घोडीला नीट व्यवस्था ठेवली तर शंभरात 80 ते 90 वेळा जिवंत शिंगरू मिळण्याची आशा असते. दुसऱ्या प्रतीचे दोन भाग: दोन-अ मध्ये 50 ते 80, दोन-ब मध्ये 10 ते 50. तिसऱ्या प्रतीत दहाच्या आत. चिंगी दोन-ब आली. अस्तरात चट्टे धरले होते आणि ग्रंथींभोवती तंतू वाढले होते. असं अस्तर गर्भाला पुरेसं पोसू शकत नाही, आणि ते औषधाने पूर्ववत होत नाही. हा कागद हातात आला की घरात बसून बोलावं. नर निवडण्याच्या आधी, नावं ठरवण्याच्या तर कितीतरी आधी.

याच टप्प्यावर आणखी एक चाचणी सांगितली गेली, आणि मिनिएचर पाळणाऱ्या प्रत्येकाने ती करावी असं माझं ठाम मत आहे. या घोड्यांत बुटकेपणाचा एक आनुवंशिक दोष आहे. उंचीला ठेंगणं असणं हे मिनिएचरचं रूपच, पण हा दोष वेगळा: डोकं फुगलेलं, जबडा वाकडा, पाय मुरगळलेले, श्वास घेणं कष्टाचं. कूर्चा घडवणाऱ्या अ‍ॅग्रीकॅन नावाच्या जनुकातले चार बदल याला कारण असल्याचं युनिव्हर्सिटी ऑफ केंटकीतल्या संशोधकांनी शोधून काढलं. घोडीत त्यातला एकच बदल असेल तर ती दिसायला ठणठणीत असते. वाहक घोडीला वाहक नर लावला तर मात्र चारात एक गर्भ दोन्हीकडून दोष घेऊन येण्याची शक्यता असते. आणि या बदलांच्या काही जोड्या इतक्या घातक असतात की गर्भ पोटातच मरतो. म्हणजे "घोडी गाभडली, पुन्हा लावू" असं म्हणत आपण जिचा दोष काढत असतो, तिचा प्रश्न गर्भाशयात नसून जोडीत असू शकतो. तपासायला आयाळीचे मुळासकट उपटलेले थोडे केस पाठवायचे असतात, बाकी काही नाही. चिंगी वाहक निघाली. आता नर पूर्ण निर्दोष असणं, आणि उंचीने तिच्याहून कमी असणं, या दोन अटींवर कुठलीच तडजोड नव्हती.

चिंगी मुळात धडधाकट होती, वजनही बेताचं होतं, आणि योग्य काळजी घेतली तर प्रयत्न करायला हरकत नाही असं डॉक्टरीणबाईंचं मत पडलं. म्हणून पुढच्या वसंतात आम्ही पाऊल पुढे टाकलं.

घोडी माजावर येते ती दिवस मोठा व्हायला लागल्यावर. थंडीत अंडाशयं झोपलेली असतात. ज्यांना फेब्रुवारीत घोडी लावायची असते ते डिसेंबरपासून तबेल्यात दिवा लावून दिवस 16 तासांचा करतात. शर्यतीच्या आणि प्रदर्शनाच्या घोड्यांचं वय 1 जानेवारीपासून मोजतात म्हणून ही घाई. घरच्या घोडीला तिची गरज नाही. मे महिन्यात सगळं आपसूक सुरळीत होतं आणि शिंगरू पुढच्या वर्षी उबेत, हिरव्या चाऱ्यात जन्मतं. फेरा साधारण 21 दिवसांचा, त्यात माज पाच ते सात दिवस, आणि अंडं सुटतं ते माज ओसरण्याच्या एक-दोन दिवस आधी.

अशा घोडीला एका माजात एकदाच नर लावायचा, हे मला नव्याने कळलं. वीर्य आत गेलं की प्रत्येकच घोडीच्या गर्भाशयाला सूज येते, पाणी सुटतं. चांगली घोडी ते दीड-दोन दिवसांत आपलं आपण बाहेर टाकते. चिंगीसारख्या घोडीला ते टाकता येत नाही, आणि त्या डबक्यात पाच-सहा दिवसांनी उतरणारा गर्भ तगत नाही. म्हणून सोनोग्राफीने अंडं कधी सुटणार याचा अंदाज घेऊन एकदाच घोडा दाखवला. चार तासांनंतर गर्भाशय सलाइनने धुतलं. तोवर लागणारे शुक्राणू वर नळीत पोचलेले असतात, त्यामुळे धुण्याने काही बिघडत नाही. मग ऑक्सिटोसिनची इंजेक्शनं, आणि पाय मोकळे व्हावेत म्हणून तिला मैदानात सोडलं. उरलेलं पाणी चालण्याने निघून जातं. कोंडून ठेवू नका.

चौदा ते सोळा दिवसांच्या दरम्यान सोनोग्राफी करायचीच. पडद्यावर काळा, गोल, वाटाण्याहून मोठा ठिपका दिसतो. तेव्हा तो एकच आहे ना, हे बघणं सर्वांत महत्त्वाचं. घोडीला जुळी झेपत नाहीत. बहुतेकदा दोन्ही जातात, उशिरा गेली तर आईही जाते, आणि मिनिएचरमध्ये तर विचारूच नका. सोळाव्या दिवसापर्यंत ते ठिपके गर्भाशयात फिरत असतात, एकाला बाजूला घेऊन फोडता येतं. नंतर ते जागा धरतात आणि काम कठीण होतं. चिंगीच्या पोटात एकच होता. पंचविसाव्या दिवसानंतर त्यात लुकलुकणारं हृदयही दिसलं. पुढच्या तपासणीला पोट रिकामं होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिच्यापायी बरेच लोक फसतात. 35 दिवसांच्या पुढे गर्भाच्या काही पेशी आईच्या अस्तरात रुजतात आणि स्वतःचं संप्रेरक सोडू लागतात. त्यानंतर गर्भ गेला तरी त्या पेशी तीन-चार महिने तिथेच राहतात. घोडी धड माजावर येत नाही, आणि त्या संप्रेरकावर आधारलेली रक्ताची चाचणी "गाभण" असंच दाखवत राहते. मालक अकरा महिने वाट बघतो. तेव्हा नुसत्या रक्तावर विसंबू नका, पडद्यावर बघा. आमचं ते वर्ष तिथेच संपलं.

नंतरच्या वसंतात ती पुन्हा फळली. यावेळी गर्भ टिकावा म्हणून अल्ट्रेनोजेस्ट हे औषध रोज तोंडावाटे द्यायचं ठरलं. ते पिवळसर तेलासारखं असतं आणि कातडीतून माणसाच्याही अंगात जातं. बायकांची पाळी बिघडवतं, गरोदर बाईने तर त्याच्या जवळही जाऊ नये. मी जाड हातमोजे घालून पिचकारीने चिंगीच्या गालात सोडायची, आणि मुलींना त्या वेळी तबेल्यात यायला बंदी होती. औषध विकणारा दुकानदार हे सांगेलच असं नाही, म्हणून लिहिते.

गाभणपणातला सर्वांत मोठा डोळसपणा चाऱ्याबाबत हवा. इथल्या कुरणांत केंटकी-31 नावाचं फेस्क्यू गवत सर्वदूर आहे. मेनिफी काउंटीतल्या एका शेतावर ते 1931 मध्ये पारखलं गेलं, 1943 मध्ये शेतकऱ्यांना दिलं गेलं, आणि उन्हाळा-दुष्काळ काहीही सोसतं म्हणून देशभर पसरलं. ते सोसतं ते त्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीच्या जोरावर, आणि ती बुरशी गाभण घोडीला विषासारखी आहे. दिवस उलटून जातात, शिंगरू पोटात वाढत राहतं, वार जाड होते, कासेत दूध उतरत नाही. अरुंद कमरेच्या घोडीत दिवस उलटलेलं मोठं शिंगरू म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. शेवटचे दोन-तीन महिने घोडी या गवतावरून काढा, त्याची वाळकी वैरणही घालू नका. शिवाय या भागात वसंतात रानचेरीच्या झाडांवर जाळी विणणारे केसाळ सुरवंट येतात. 2001 मध्ये ते गवताबरोबर पोटात गेल्याने मध्य केंटकीतल्या हजारो घोड्या गाभडल्या होत्या. आमच्या कुंपणाजवळची चेरीची झाडं तेव्हाच्या मालकाने काढून टाकलेली होती. तुमच्याकडे असतील तर गाभण घोडी तिकडे चरायला सोडू नका. पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात गर्भपात करणाऱ्या हर्पिस विषाणूची लस चुकवू नका, आणि विण्याच्या महिनाभर आधी धनुर्वाताची.

वजनाबद्दल माझे वडील फोनवर हळहळायचे. ते कागलकडचे, घरात पिढ्यान् पिढ्या गाई-म्हशी. "गाभण जनावर आहे, पोटभर घाल गं," हा त्यांचा धोशा. मिनिएचर घोडीला पोटभर घातलं तर ती सुटते, आणि सुटलेल्या गाभण घोडीने कुठल्याही कारणाने दोन दिवस खाणं टाकलं की शरीरातली चरबी एकदम रक्तात उतरते, यकृत बसतं. म्हणून तिला लठ्ठही होऊ द्यायचं नाही आणि उपाशीही ठेवायचं नाही. केसाळ अंगावर डोळ्यांनी काही कळत नाही. आठवड्यातून एकदा खरारा करताना पंजा फिरवून बघा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, पण त्यांच्यामध्ये खाच लागता कामा नये.

अकरावा महिना लागला तशी कास भरली, सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब धरले. टाके आधीच उघडले होते. घोड्या बहुतेक रात्रीच वितात, म्हणून आम्ही आळीपाळीने जागत होतो. पहाटेच्या आधी चिंगी आडवी झाली, पाणमोट फुटली, आणि पांढुरक्या पिशवीतून एक खूर दिसला. सुरळीत असतं तेव्हा दोन खूर दिसतात, एक जरा पुढे, एक मागे, आणि गुडघ्यांवर टेकलेलं नाक. इथे एक खूर आणि नाक. दुसरा पाय आत गुडघ्यात मुडपलेला होता.

गाय तासन्तास कळा देत राहते आणि तरी वासरू जिवंत मिळतं, हे वडिलांकडून लहानपणापासून ऐकलेलं. घोडीचं तसं नसतं. पाणमोट फुटल्यापासून वीस-तीस मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवं. तिची वार झपाट्याने सुटते आणि शिंगराचा श्वास तिथेच तुटतो. डॉक्टरीणबाईंना फोन लावून नवऱ्याने चिंगीला उभं केलं आणि चालवत ठेवलं, कारण उभी असताना ती कमी जोर करते आणि पाय आणखी घट्ट अडकत नाही. बाई आल्या, कळा थांबवायचं इंजेक्शन दिलं, भरपूर वंगण घालून शिंगरू आत ढकललं आणि तो पाय सरळ करायला त्यांना आपला लहानसा हात कोपरापर्यंत घालावा लागला. शिंगरू बाहेर आलं तेव्हा गेलेलं होतं. नर होता, आईसारखाच बांडा. सगळं पूर्ण होतं त्याचं, पापण्यांचे केससुद्धा.

पुढचे दिवस त्याहून कठीण गेले. वार तीन तासांत पडायला हवी. गाईची दिवसभर राहिली तरी जीव राहतो, घोडीत मात्र विष चढून खूर सुटतात. ऑक्सिटोसिन लावून ती पाडावी लागली. मग चिंगीने खाणं टाकलं. दुसऱ्या दिवशी काढलेलं रक्त काचेच्या नळीत थोडा वेळ उभं ठेवलं होतं. तळाशी लाल आणि वरचा थर दुधासारखा पांढरा. चरबी रक्तात उतरली होती. दवाखान्यात ग्लुकोजचं सलाइन, इन्सुलिन, नाकातून नळी घालून पातळ खाद्य. मी तिच्यासमोर बसून ओलं गवत एकेक काडी पुढे करत असे. तिने पहिल्यांदा काडी ओढली ती संध्याकाळ माझ्या आयुष्यातल्या मोठ्या आनंदांपैकी एक आहे. अशा घोड्या पुष्कळदा वाचत नाहीत. चिंगी वाचली.

तिला पुन्हा गाभण ठेवायचं नाही, हे आम्ही तिथेच दवाखान्यात ठरवलं. हे नवरा-बायकोचं एकमत होतं आणि डॉक्टरीणबाईंनी त्याला दुजोरा दिला. काही परिचित म्हणाले, इतका खर्च केलात, आता ती फळते हे तरी सिद्ध झालं, एकदा आणखी बघा. मला हा हिशेब पटत नाही. खर्च आमचा झाला, जीव तिचा पणाला लागला होता.

तुमची घोडी पहिल्या प्रतीची, निर्दोष, चांगल्या ठेवणीची निघाली आणि तुम्ही पुढे जायचं ठरवलंत, तर विण्याच्या महिनाभर आधी काही गोष्टी पक्क्या करा. रात्री येणारा डॉक्टर कोण, तो किती मिनिटांत पोचतो आणि तो नसेल तर दुसरा कोण, ही नावं तबेल्याच्या दारावर लिहून लावा. ट्रेलर गाडीला जोडून ठेवा. पोटफाड करायची वेळ आली तर कुठल्या दवाखान्यात न्यायचं, तिथे सुमारे किती पैसे लागतील आणि ते तुमच्याकडे आहेत का, हे आधी बघा. आणि आई की शिंगरू अशी वेळ आली तर कुणाला वाचवायचं, हे डॉक्टरांना शांत डोक्याने आधीच सांगून ठेवा. त्या रात्री घरातली चार माणसं चार गोष्टी बोलतात. पांढऱ्या पिशवीऐवजी लाल, मखमली पिशवी पुढे आली तर डॉक्टरांची वाट बघू नका. वार आधीच सुटली आहे, ती लगेच कापून शिंगरू ओढून काढा. जिवंत शिंगरू तासाभरात उभं राहायला हवं, दोन तासांत पिऊ लागायला हवं. आईच्या चिकातूनच त्याला सगळी प्रतिकारशक्ती मिळते, पोटात असताना मिळत नाही; पहिल्या सहा-आठ तासांत चीक पोटात गेला नाही तर बाटलीने पाजायची सोय हवी. पुरेसा गेला की नाही, हे दुसऱ्या दिवशीच्या रक्ताच्या चाचणीत कळतं.

आणि घरात शिंगरू बागडावं एवढीच इच्छा असेल, तर त्यासाठी आपल्या घोडीला गाभण ठेवायलाच हवं असं मुळीच नाही. आईचं दूध तुटलेलं पाच-सहा महिन्यांचं शिंगरू विकत मिळतं. चिंगीच्या सोबतीला आम्ही तसंच एक आणलं, आणि ती दोघं आता एकाच गव्हाणीत तोंड घालतात. घेताना आई-बाप दोघांच्या बुटकेपणाच्या चाचणीचे कागद मागा, त्यांची उंची स्वतः मोजा, आणि आईला डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.